हात खाली येईपर्यंत

सांगवी, ता. बारामती
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

राजे,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत. सगळे म्हणजे मी आणि गाय.

तुझं कार्ड मिळालं. कोपरा दुमडलाय, म्हणजे पोस्टमनच्या पिशवीत चार-पाच दिवस फिरलं असणार. १७ जानेवारीला शनिवारी मुंबईत तुझा कार्यक्रम आहे आणि जर्मनीची गाणारी मंडळी घेऊन तू येणार आहेस, हे कळलं. खाली तू लिहिलंस, दर रविवारी फोन करते आणि तुम्ही कापता, आई गेल्यापासून एकदाही बोलला नाहीत. आता एकदाच सांगा, येणार का नाही. नाही म्हणालात तर यापुढे फोन करणार नाही.

आज रविवारच आहे. साडेअकराला तुझ्या आईच्या फोनचा दिवा लागला. तुझं नाव इंग्रजीत येतं, पण ती चार अक्षरं मला आता पाठ झालीत. मी कापला. कापला म्हणजे आमच्याकडं रेंजच नसते. ओढ्याच्या अंगाला घर असल्यानं आवाज तुटत येतो, म्हणून कापतो. राग-बिग काही नाही. तू फोनवर निरोप पाठवतेस त्यात नुसते चौकोन दिसतात. बटणाचा फोन, त्याला मराठी येत नाही. तेव्हा लिहायचं तर असं कागदावरच लिही.

यायचं म्हटलं तर पुष्कळ अडचणी आहेत. गाय माझ्याशिवाय दुसऱ्याला धार काढू देत नाही. गुडघा जिन्याला कुरकुरतो. जानेवारीत पहाटेच्या गाडीला थंडी फार असते. माझा पांढरा सदरा आईच्या दहाव्याला घातला तेव्हापासून बाहीला पिवळा पडलाय. शिवाय मुंबईला कुठं उतरायचं, तिथून कुठं जायचं, लघवीला लागली तर कुठं, हे सगळं डोक्यात फिरत राहतं.

एक विचारायचं होतं. तिथंही लोक तुझ्या पाठीमागंच बसतात ना? म्हणजे तू गाणाऱ्यांकडं तोंड करून उभी राहणार आणि आम्हाला पाठ दिसणार. तसंच असेल तर मला जमेल असं वाटत नाही. का, ते विचारू नकोस.

पुण्याला झालं त्याला अठरा वर्षं झाली. ते मी विसरलोय. तूही विसर.

तुझा आबा


सांगवी
मंगळवार, १८ नोव्हेंबर

राजे,

मागचं पत्र तुला अजून पोचलंही नसेल. तरी लिहितोय, कारण त्यात मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, हे पेटीत टाकल्यावर लक्षात आलं. पोस्टात जाऊन परत मागितलं. ते म्हणाले, असं देता येत नाही.

परवा पणदऱ्याहून सर्जेराव आला होता. तुला आठवत असेल, कारखान्यावर ऊस उतरवायच्या क्रेनवर जो बसायचा तो. आता घरीच असतो. हल्ली फार मोठ्यानं बोलतो, कारण त्यालाही कमी ऐकू येतं आणि ते त्याला माहीत नाही. त्यानं नवा मोठा फोन घेतलाय. त्यात तू दिसतेस म्हणून दाखवायला आला.

तू गाणाऱ्यांसमोर उभी राहून त्यांना चालवतेस आणि त्याला कंडक्टर म्हणतात, हे पहिल्यांदा गावात कळलं होतं तेव्हा हाच पारावर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "पोरगी कंडक्टर झाली म्हणं. कुटल्या गाडीवर हाय?" लोक हसले होते. मीही हसलो होतो. घरी येऊन जेवलो नाही.

तुझी सगळी हकिगत मला तुझ्या आईकडून कळायची. तू तिला रविवारी सांगायचीस आणि सोमवारी ती मला सांगायची. मी ऐकत नाही असं दाखवायचो, म्हणून ती माझ्यासमोर येऊन बसायची आणि सांगायची. तिकडं गेल्यावर आधी तू नुसता पियानो वाजवून गाणाऱ्यांचा सराव घ्यायचीस. मग लहान मुलांचं गाणं बसवायला दिलं. मग ऑपेरातल्या साठ गाणाऱ्यांवर तुला नेमलं. ऑपेरा म्हणजे अख्खं नाटक गाण्यात बोलायचं, एवढं मला समजलंय. आणि एके दिवशी तिथले मोठे साहेब तापानं पडले आणि दुपारी चारला तुला सांगितलं, संध्याकाळी तुम्हीच उभ्या राहा. ते सांगताना तुझी आई द्वारका जशी काही तिथंच होती.

"हात पुसलं पदराला, आन् गेली सरळ," म्हणाली.

मी म्हटलं, "तिथं पदर कुटला?"

"मंग कशाला पुसलं आसतील?"

"पुसलं हे तरी कुणी सांगितलं?"

"मला ठावं हाय. ती लहानपणापास्नं पुसती," म्हणाली आणि उठून गेली.

तर सर्जेरावच्या फोनमध्ये ते ऑपेराचं थेटर होतं. फोनचा आवाज बारीक होता. पण कॅमेरा पुढून होता, त्यामुळं तुझं तोंड दिसलं आणि हात दिसले. राजे, मी तुझे हात कधी पुढून बघितलेच नव्हते. डावा हात उपडा धरून तू खाली दाबत होतीस, ते तर क्रेनला करायचो ते माझं "हळू सोड" आहे. दोन बोटं वर करून गोल फिरवलीस, ते "उचल". शेवटाला मूठ मिटलीस, ते "थांब". सर्जेराव मांडीवर थाप मारून म्हणाला, "आरं, ही तर आपली गव्हाण चालिवती."

तू सहा-सात वर्षांची असताना डबा घेऊन आईबरोबर गव्हाणीवर, ऊस मिलमध्ये पडायचा तिथं, यायचीस आणि सावलीला न बसता माझ्याशेजारी उभी राहून माझ्यासारखे हात करायचीस. मिलच्या आवाजात बोललेलं कुणाला ऐकू जायचं नाही. वर सर्जेराव, त्याच्या दोराला टनभर ऊस, आणि खाली मोळ्यांना दोर लावणारी माणसं. सगळं माझ्या हातावर. तुला मी एकच नियम सांगितला होता. वरचा जोवर मान हलवून 'दिसलं' म्हणत नाही, तोवर खालच्यानं हात खाली घ्यायचा नाही. हात भरून येऊ दे, माशी बसू दे. खाली माणूस असतो.

त्या चित्रात शेवटी सगळ्यांची तोंडं मिटली तरी तुझा हात वरच होता. सर्जेराव फोन खिशात घालायला लागला, म्हणाला संपलं. मी म्हटलं, संपलं नाही, हात अजून वर आहे. तो म्हणाला, आवाज बंद झालाय की. 

यायचं का नाही ते अजून ठरत नाही.

आबा


सांगवी
गुरुवार, ४ डिसेंबर

राजे,

तुझं पत्र काल आलं. लहान आहे, पण मी ते काल चार वेळा वाचलं आणि आज सकाळी दोनदा.

तू लिहिलंस, दीड वर्ष रेंज नसते असं गाव जगात नाही, आबा. बरोबर आहे.

आणि पुढं लिहिलंस, "आईच्या दहाव्याला आले होते. पाहुणे गेल्यावर तुम्ही पडवीत बाहेर तोंड करून बसला होतात. मी तुमच्या मागं बसून अर्धा तास बोलले. इतक्या वर्षांत जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं बोलले. तुम्ही वळलासुद्धा नाहीत. मग मी बॅग भरली. पुण्यात तुम्ही म्हणाला होतात की आजपासून माझ्याकडंही पाठच कर. त्या दिवशी तुम्ही ते खरं करून दाखवलंत."

राजे, तू माझ्या मागं बसली होतीस, हे मला काल कळलं.

मला ऐकू येत नाही. डाव्या कानानं काहीच नाही आणि उजव्यानं नुसती घरघर, मिल अजून चालू असल्यासारखी. तीस वर्षं गव्हाणीवर उभा राहिलो त्यातच ते गेलं असणार, हळूहळू. नोकरीत असताना सांगितलं असतं तर तिथून काढून कुठं तरी झाडूवर घातलं असतं. पुढं सवय झाली. बहिऱ्या माणसाशी लोक कसे बोलतात ते तू बघितलंस ना, खुळ्याशी बोलल्यासारखे. मला ते नको होतं. तुझ्या आईला शपथ घातली होती की पोरीला सांगायचं नाही. तिनं पाळली. कुणी आलं की ती समोर येऊन ओठ हलवून सांगायची आणि मी उत्तर द्यायचो, कुणाला पत्ता लागायचा नाही. ती गेल्यापासून घरात माझ्यासमोर येऊन बोलणारं कुणी नाही. फोन उचलून मी काय करू? तू बोलणार, मी भलतंच उत्तर देणार, आणि तुला कळणार. म्हणून कापायचो.

मागच्या आठवड्यात इंदापूरला गेलो होतो. सगळ्यांना सांगितलं, रंगूआत्याकडं जातोय. गेलो कानाच्या डॉक्टरकडं. बारामतीत दाखवलं असतं तर दारातच दहा ओळखीचे भेटले असते. मला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला टोप्या लावल्या, म्हणाले, ऐकू आलं की हात वर करा. मी बसून राहिलो. बाहेरची बाई माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं. हात काही वर करायची वेळ आली नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की मशिनचा आता फारसा उपयोग होणार नाही. परतीच्या गाडीत तो कागद बारीक फाडून खिडकीतून सोडला. आता वाटतं तुला पाठवायला हवा होता, म्हणजे तू विश्वास ठेवला असतास.

आता पुण्याचं सांगतो. मी विसरलोय असं लिहिलं होतं ते खोटं आहे.

तू बावीस वर्षांची. तुझा तो मोठा कार्यक्रम, परदेशातला कुणी मास्तर तुला बघायला आलाय म्हणून आईनं मला बळंच पाठवलं होतं. मी तिसऱ्या रांगेत बसलो. पुढं तुझी पाठ आणि त्यापलीकडं चाळीस पोरं-पोरी तोंड उघडतायत. मला काही ऐकू येत नव्हतं. तुझे हातही धड दिसत नव्हते, नुसते कोपर. मग सगळ्यांची तोंडं मिटली. मला वाटलं झालं. मी उभा राहिलो आणि जोरात टाळ्या वाजवल्या. "शाब्बास राजे" म्हणून ओरडलोसुद्धा, ते घशाला लागलं म्हणून कळलं. सगळं थेटर माझ्याकडं वळलं. शेजारच्या बाईनं तोंडावर बोट ठेवलं. तेव्हा दिसलं की तुझा एक हात अजून वर आहे. गाणं संपलं नव्हतं, नुसतं थांबलं होतं. आणि तुझे खांदे हलत होते. पोरीला रडवलं मी, त्या परदेशी मास्तरासमोर.

ती शरम मला सोसेना. तुझ्याकडं आत आलो आणि तू काही बोलायच्या आधीच ओरडलो. लोकांना पाठ दाखवून उभं राहायला शिकलीस का, हे आणि ते पुढचं. माझी चूक झाकायला तुझ्या पाठीवर घातली. तू काय उत्तर दिलंस ते मला ऐकू आलं नाही, आणि तोंडाकडं बघायचा धीर झाला नाही.

आता तुला हवं ते ठरव. फोन नाही केलास तरी मी समजून घेईन. पण पडवीत काय बोलली होतीस, तेवढं लिहून पाठव.

आबा


सांगवी
शनिवार, २७ डिसेंबर

राजे,

तुझं पाकीट कुरिअरनं आलं. सही करताना पेन चालेना, तो माणूस वैतागला.

तू लिहिलंस की तू रडत नव्हतीस, हसत होतीस. तुझं नाव घेऊन आजवर कुणी असं ओरडलं नव्हतं, म्हणून हसू आवरेना, आणि पुढच्या रांगेतल्या पोरीही हसत होत्या. तो परदेशी मास्तर नंतर म्हणाला, ते तुझे वडील का, त्यांना आत बोलव. तू बोलवायला निघाली होतीस तेवढ्यात मीच आत आलो आणि ते बोललो. तुला लागलं ते बोलणं, टाळ्या नव्हेत. आणि बोलणं अजून लागतं, असंही तू लिहिलंस. ते खोडलं नाहीस हे बरं केलंस.

अठरा वर्षं मी हलणारे खांदे बघत होतो. पाठीवरून माणूस ओळखू नये. मला तरी येत नाही.

पडवीत काय बोललीस ते तू लिहिलं नाहीस. ते कागदावर लिहिण्यासारखं नाही, म्हणालीस. असू दे.

मी येतो. सर्जेराव बरोबर येणार आहे. गाईला त्याच्या सुनेनं चार दिवस धार काढून बघितली, गाय उभी राहिली. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही.

तू पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची ठेवतेस म्हणालीस. राजे, ती नको. तिथून पुन्हा तुझी पाठच दिसेल आणि मी कधी टाळी वाजवीन त्याचा भरवसा नाही. यावेळी नाटक नाही, नुसतं गाणं आहे, आणि गाणारे पायऱ्यांवर उभे राहणार आहेत असं तू लिहिलंस. त्यांच्या पाठीमागं शेवटी एखादं स्टूल टाकता आलं तर बघ. मी हलणार नाही, खोकणार नाही. लोकांना दिसायचंही नाही. मला जिथून तुझे हात दिसतील तिथं बसव. गाणं ऐकायला येणारे बाकी आहेतच.

हे नियमात बसत नसेल तर राहू दे. पहिल्या रांगेतही बसेन. आणि बसलो तर हात मांडीखाली घालून बसेन.

सदरा धुऊन नीळ घातलीय. बाही दुमडली की पिवळं दिसत नाही.

आबा


सांगवी
गुरुवार, २२ जानेवारी २०२६

राजे,

तू सुखरूप पोचलीस असा निरोप सर्जेरावच्या फोनवर आला. तो सायकलवर येऊन दाखवून गेला.

मुंबईत बोलायला जमलं नाही. कार्यक्रमानंतर तुझ्याभोवती केवढी माणसं. तू माझ्यासमोर येऊन दोन्ही हात धरून काही तरी म्हणालीस, पण तेवढ्यात कुणी फुलं घेऊन मध्ये आलं आणि शेवटचे शब्द ओठांवरून सुटले. पुन्हा काय म्हणालीस असं विचारायला लाज वाटली. मग तुमची बस आली. म्हणून लिहितोय.

तू मला स्टूल नाही, खुर्ची दिली होतीस, शेवटच्या पायरीवर, दोन धिप्पाड गाणाऱ्यांच्या मध्ये. दोघांनी मला वाकून नमस्कार केला. आधी समोरचे लोक दिसले तसा मी अंग चोरून बसलो. मग तू आलीस. काळा कोट, केस मागं बांधलेले, आईसारखे. उभी राहिलीस, आणि दोन्ही हात कोटाला पुसलेस. तेव्हा मला द्वारकेची आठवण झाली. ती खरं सांगत होती.

तू हात उचललास आणि माझ्या पायाखालची फळी हलायला लागली. ते गाणं होतं म्हणे. मला ते तळपायातून आलं, गव्हाणीवर मिल सुरू झाली की यायचं तसं. बाकी सगळं मी तुझ्या हातावर वाचलं. कुणाला तू हळू उचललंस, कुणाला थोपवून धरलंस, डावीकडच्या त्या म्हाताऱ्या बाईला एकटीला कसं वर नेलंस आणि किती जपून खाली सोडलंस, मला सगळं दिसलं. एकही मोळी पडली नाही. तुझ्या कपाळावर घाम होता आणि एकदा तू जीभ दाताखाली धरलीस, लहानपणी गणित करताना धरायचीस तशी. पहिल्या रांगेतल्या कुणाला हे दिसलं नसणार.

मग शेवट आला. तू मूठ मिटलीस. फळी थांबली. सगळ्यांची तोंडं मिटली आणि तुझा उजवा हात वरच राहिला. मी हात मांडीखाली घातले होते, ते आणखी दाबले. समोर हजार माणसं, पण कुणी हललं नाही. तेव्हा मला कळलं की आता कुणालाच काही ऐकू येत नाहीये. माझ्याइतकंच त्या सगळ्यांना ऐकू येत होतं. अख्ख्या थेटरात तेवढा वेळ मी कुणापेक्षा कमी नव्हतो.

तू गाणाऱ्यांच्या डोक्यावरून माझ्याकडं बघत होतीस. हात वर. मी आपला तुझ्याकडं बघत बसलो, हात किती सुंदर धरलाय म्हणून. मग ध्यानात आलं की तू कशासाठी थांबलीयस. नियम मीच सांगितला होता.

मी मान हलवली.

तू हात खाली घेतलास. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मी सगळ्यांच्या नंतर वाजवल्या.

घरी आल्यावर दोन दिवस काही सुचलं नाही. गाय मला बघून पान्हा चोरते, सर्जेरावच्या सुनेची सवय लागली वाटतं. पडवीतली खुर्ची मी फिरवून ठेवलीय. आता दारातून कुणी आलं की दिसतं. अजून कुणी आलं नाही, पण आलं तर दिसेल.

आता एक काम कर. रविवारी साडेअकराला नेहमीप्रमाणं फोन कर. मी उचलीन. मला ऐकू येणार नाही, तरी कानाला लावीन, मग समोर धरून बघत बसेन. बोलणं चालू असलं की त्या फोनवर आकडे पळत असतात, मिनिटाचे आणि सेकंदाचे. ते पळतायत तोवर तू आहेस, एवढं मला समजेल. पडवीत त्या दिवशी जे बोललीस ते पुन्हा बोल. सगळं बोल, अर्धा तास लागला तरी लागू दे. मध्ये थांबलीस तरी चालेल, मी संपलं असं समजणार नाही.

फोन मी आधी ठेवणार नाही.

तुझा आबा